उसनी वीज
बंद पडलेल्या बॅटरीची गाडी सुरू करण्याविषयी थोडेसे

2022 सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात पावसाळा म्हणजे काय असतो हे तिकडच्या वाचकांस सांगावयास नको. आठ-आठ दिवस सूर्याचे दर्शन घडत नाही, कौलांवरून पाण्याची धार तुटत नाही आणि दोरीवरचे कपडे चुलीवर धरून वाळवावे लागतात. अशाच एका रात्री, अडीच वाजण्याच्या सुमारास, मी ज्या नातलगांकडे उतरलो होतो त्यांच्या शेजारच्या घरातील दिवे एकाएकी लागले. त्या घरातील वृद्ध आजोबांस दम लागला होता. उशीला टेकून बसविले तरी श्वास पुरत नव्हता आणि ओठ काळसर दिसू लागले होते. त्यांस बेळगावास, म्हणजे सुमारे 26 किलोमीटर दूर, इस्पितळात न्यावयाचे ठरले. दारात मोटार उभी होती. मुलाने किल्ली फिरविली. आतून केवळ ‘कट्’ असा एक आवाज आला आणि समोरच्या फळीवरचे दिवे मंद होऊन विझले.

मोटार तीन आठवडे जागची हलली नव्हती. पावसात बाहेर कोण काढणार, असे म्हणून तिच्यावर ताडपत्री घातलेली होती. बॅटरी उतरली होती.

पुढची चाळीस मिनिटे मी कधी विसरणार नाही. घरात मागे केव्हातरी बाजारातून आणलेल्या तांबड्या आणि काळ्या अशा दोन वायरी होत्या. परंतु कोणती कोठे लावावयाची हे घरातील एकासही निश्चित ठाऊक नव्हते. शेजारीपाजारी छत्र्या घेऊन जमले. एका उत्साही तरुणाने रस्त्याच्या कडेस उभा असलेला मालट्रक दाखविला आणि म्हणाला, “मोठी बॅटरी आहे की त्याची, एका झटक्यात चालू होईल.” तो ट्रकवाल्यास उठवावयास निघालाही. तेवढ्यात शेजारचे एक निवृत्त ट्रकचालक काका पुढे आले. ते म्हणाले, “थांब रे बाळा. ट्रक नको. त्याची चोवीसची बॅटरी, ह्या गाडीची बाराची. लावशील तर आहे तेही जळून जाईल. समोरच्या सरांची गाडी आण.” नंतर त्यांनी पडवीत विडी ओढत उभ्या असलेल्या एका गृहस्थांस हात जोडून दूर जावयास सांगितले, विजेरी मागून घेतली आणि स्वतः काम हाती घेतले. त्या रात्री त्यांनी जे केले आणि ते का केले, ते मी पुढे अनेकदा त्यांच्याकडून व इतर जाणत्या माणसांकडून समजून घेतले. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या दारात आज मोटार आहे किंवा निदान भावाच्या, जावयाच्या दारात आहे. म्हणून तेच येथे सविस्तर सांगावयाचे योजिले आहे.

प्रथम ही बॅटरी काय वस्तू आहे ते पाहू. फ्रान्समधील गास्ताँ प्लाँते या शास्त्रज्ञाने 1859 साली शिशाचे दोन पत्रे मध्ये कापडाचा पडदा ठेवून गुंडाळले आणि ते गंधकाम्लाच्या पातळ द्रावणात बुडविले. त्यांत बाहेरून वीज सोडली असता ती साठून राहते आणि पुन्हा काढून घेता येते असे त्यास आढळले. आज दीडशेहून अधिक वर्षे लोटली, मनुष्य चंद्रावर जाऊन आला, तरी आपल्या पेट्रोल-डिझेलच्या मोटारीच्या बॉनेटखाली मूलतः तीच प्लाँतेची युक्ती बसलेली असते. एका पट्टीवर स्पंजासारखे सच्छिद्र शिसे, दुसरीवर शिशाचा तपकिरी ऑक्साइड आणि भोवती आम्ल. वीज खर्च होऊ लागली की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमू लागते आणि आम्ल पाण्यासारखे पातळ होत जाते. वीज परत भरली की सल्फेट विरघळून सर्व पूर्ववत होते. अशा एका कप्प्यातून दोन व्होल्टांहून किंचित अधिक दाब मिळतो. असे सहा कप्पे एकापुढे एक जोडले की ती आपली 12 व्होल्टची बॅटरी झाली. पूर्ण भरलेल्या व स्वस्थ उभ्या असलेल्या बॅटरीचा दाब 12.6 व्होल्टांच्या आसपास असतो. तो 12.2 वर आला तर बॅटरी निम्मी रिकामी झाली, आणि 12 च्याही खाली घसरला तर जवळजवळ संपली, असे समजावे. बाराच्या वरचा तो लहानसा अपूर्णांकच सारे काही सांगून जातो, ही गोष्ट अनेकांस नवल वाटण्याजोगी आहे.

आता गाडी सुरू करतेवेळी सेल्फ, म्हणजे इंजिनास पहिला फेरा देणारी विजेची मोटर, क्षणभर शंभर ते दोनशे अँपिअर, डिझेल गाडीत तर त्याहूनही अधिक प्रवाह ओढते. घरातील पंखा अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही हे ध्यानात घेतले म्हणजे या मागणीची कल्पना येईल. ही सोय मोटारीच्या जन्मापासून नव्हती. अगदी आरंभी गाडीच्या नाकात लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवावे लागे. इंजिनाने उलट झटका दिला की हँडल मागे फिरून मनगटाचे हाड मोडे. हे इतक्या वेळा घडत असे की मनगटाजवळील त्या विशिष्ट अस्थिभंगास वैद्यकशास्त्रात ‘शोफरचा अस्थिभंग’ असे नावच पडले, आणि ते अद्याप ग्रंथांत आहे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी 1911 साली विजेचा सेल्फ सिद्ध केला व 1912 सालच्या कॅडिलॅक गाडीत तो बसविला गेला. आपल्याकडे मात्र हँडल पुष्कळ वर्षे टिकून राहिले. अँबॅसडर गाडीच्या डिकीत ते असे. माझ्या वडिलांच्या पिढीतील लोक ते फिरविताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा, मुठीभोवती वळवू नये, असे आम्हां मुलांस बजावून सांगत. झटका आला तर हात सुटून यावा, एवढाच त्यातील हेतू. आताच्या गाड्यांत हँडलही नाही आणि त्यासाठी भोकही नाही. बॅटरी गेली की सारा खेळ खलास.

बॅटरी उतरली आहे की दुसरेच काही बिघडले आहे, हे आधी ओळखावयास हवे. किल्ली फिरविल्यावर ‘कट् कट् कट्’ असा आवाज येऊन समोरचे दिवे मंद होत असतील तर बहुधा बॅटरीच उतरली आहे. दिवे लख्ख आहेत, हॉर्न खणखणीत वाजतो, आणि तरी सेल्फ हलत नाही, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरींत शोधावा. सेल्फ जोराने फिरतो आहे पण इंजिन पकडत नाही, तर पेट्रोल किंवा ठिणगी यांचा प्रश्न आहे. तेथे दुसऱ्याच्या बॅटरीची वीज आणून काडीचाही उपयोग नाही. आणखी एक गोष्ट. बॅटरीच्या टोकांवर, म्हणजे टर्मिनलवर, पांढरी-हिरवी भुकटी चढली असेल किंवा पट्टा सैल असेल तर आत वीज असूनही ती बाहेर येत नाही. पट्टा हाताने हलवून पाहावा. पुष्कळ वेळा तेवढ्यानेच गाडी सुरू होते आणि बोलावून आणलेल्या शेजाऱ्यास चहा पाजून परत पाठवावे लागते.

दुसऱ्या गाडीकडून वीज उसनी घेण्यामागील तत्त्व साधे आहे. दोन्ही बॅटऱ्यांची धन टोके एकमेकांस आणि ऋण टोके एकमेकांस जोडली म्हणजे दाब तेवढाच राहतो, परंतु प्रवाह देणारे दोन होतात. याचसाठी दोन्ही गाड्यांचा दाब सारखा पाहिजे. ट्रक व बस यांत बहुधा 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. हा दुप्पट दाब लहान मोटारीच्या नाजूक इलेक्ट्रॉनिक यंत्रणेस क्षणात जाळू शकतो. त्या रात्री काकांनी त्या तरुणास थांबविले ते याच कारणास्तव. नाहीतर आजोबा राहिले असते घरात आणि मोटार राहिली असती दारात.

त्यानंतर वायरींचा प्रश्न, आणि मला वाटते खरी गोम येथेच आहे. बाजारात ‘जंपर केबल’ या नावाने ज्या वायरी मिळतात त्यांपैकी कित्येक वरून अंगठ्याएवढ्या जाड दिसतात, पण ती जाडी रबराची असते. आतील तांबे पाहिले तर शिवणाच्या दोऱ्याएवढे. काहींत तर तांबेही नसते, तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम असते. हिशेब करून पाहू. समजा प्रत्येकी तीन मीटर लांबीच्या दोन वायरी आहेत, म्हणजे जाण्यायेण्याचा मार्ग सहा मीटर. आतील तांब्याचा छेद अडीच चौरस मिलिमीटर असेल, जसा घरात गीझरसाठी वापरतात तसा, तर दीडशे अँपिअर प्रवाहास या मार्गातच सहा व्होल्टांहून अधिक दाब गमवावा लागेल. बारापैकी निम्मा वाटेतच संपला, मग सेल्फ काय फिरणार? तोच छेद 16 चौरस मिलिमीटर असेल तर नुकसान सुमारे एक व्होल्टाचे होते, आणि 25 असेल तर जेमतेम 0.6 व्होल्टाचे. म्हणून लहान पेट्रोल गाडीस निदान 16 आणि डिझेल गाडीस 25 चौरस मिलिमीटर छेदाची, अस्सल तांब्याची केबल घ्यावी. दुकानदारास हा आकडा विचारावा. त्यास सांगता आला नाही तर दुसरे दुकान पाहावे. स्वस्तात घेतलेली केबल वर्षानुवर्षे डिकीत पडून राहते आणि ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी तिचे खरे रूप कळते. आमच्या शेजाऱ्यांचे नेमके तेच झाले.

जोडणीचा क्रम आता सांगतो. तो अक्षरशः पाळावयाचा आहे, कारण प्रत्येक पायरीस कारण आहे. प्रथम दोन्ही गाड्या इतक्या जवळ आणाव्यात की केबल सैलसर पोहोचेल, परंतु गाड्यांचा एकमेकांस स्पर्श होऊ देऊ नये. दोन्हींचे इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, दिवे, पंखा, रेडिओ सर्व बंद. हातातील अंगठी, बांगडी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून खिशात घालावे. गळ्यातील साखळी लोंबत असेल तर सदऱ्याच्या आत सोडावी. धातूची वस्तू चुकून दोन्ही टोकांवर टेकली तर क्षणात लाल होऊन मांसापर्यंत भाजते. मग बॅटरीवरील खुणा नीट पाहाव्यात. अधिकाची खूण धन टोकाची आणि वजाची ऋण टोकाची. केवळ वायरींच्या रंगावर विसंबू नये; कोण्या कारागिराने केव्हा कोणती वायर बदलली असेल हे सांगता येत नाही.

तांबड्या केबलीचा एक चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकास लावावा. त्याच केबलीचा दुसरा चिमटा चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकास. नंतर काळ्या केबलीचा एक चिमटा चांगल्या बॅटरीच्या वजा टोकास. आता उरला एकच चिमटा, आणि सर्वांची चूक होते ती येथे. हा शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीस लावावयाचा नाही. तो बंद गाडीच्या इंजिनावरील एखाद्या जाड, रंग नसलेल्या, स्वच्छ धातूच्या भागास, बॅटरीपासून शक्य तितक्या दूर लावावयाचा. पेट्रोलची नळी आणि फिरणारे पट्टे यांपासूनही दूर.

असे का? गाडीचा सारा सांगाडा वजा टोकाशी जोडलेलाच असतो, तेव्हा इंजिनास लावले काय आणि टोकास लावले काय, विजेस सारखेच. परंतु मंडल पुरे होण्याच्या त्या शेवटच्या क्षणी चिमट्यापाशी ठिणगी उडते. आणि बॅटरी, विशेषतः भरली जात असताना, हायड्रोजन वायू सोडते. हवेत हा वायू शेकडा चार भाग जरी मिसळला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बॉनेट उघडल्यावर तो उडून जाईल असे आपण समजतो, पण बॅटरीच्या झाकणापाशी थोडाबहुत रेंगाळतोच. स्फोट झाला तर केवळ प्लास्टिकचे तुकडे उडत नाहीत. त्यांबरोबर आम्ल उडते आणि वाकून पाहणाऱ्याचा चेहरा तेथेच असतो. म्हणून काकांनी विडीवाल्यांस दूर पाठविले होते, म्हणून त्यांनी विजेरी मागितली, काडी पेटवू दिली नाही. आम्ल डोळ्यांत गेलेच तर चोळू नये. ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावे आणि तडक वैद्यकीय मदत घ्यावी.

जोडणी झाल्यावर चांगल्या गाडीचे इंजिन सुरू करून काही मिनिटे तसेच चालू द्यावे. मग बंद गाडीची किल्ली फिरवावी. दहा सेकंदांहून अधिक काळ सेल्फ मारू नये; नाही पकडले तर अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करावा. सेल्फची मोटर थोड्या काळाच्या कामासाठी बनविलेली असते, हट्टाने फिरवीत राहिले तर ती तापून जळते. खानापुरास त्या रात्री पहिले तीन प्रयत्न फुकट गेले. वायरी हातास गरम लागू लागल्या. मुलगा रडकुंडीस आला होता. घरातून आजोबांच्या खोकण्याचा आवाज येत होता. काकांनी सर्वांस दमाने घ्यावयास सांगितले. “वायर बारीक आहे, एकदम एवढी वीज येणार नाही. जरा भरू दे की,” असे म्हणून त्यांनी सरांच्या गाडीचे इंजिन किंचित जोरात चालू ठेवविले आणि दहा मिनिटे कोणास किल्लीस हात लावू दिला नाही. बारीक वायरीतून जी थोडी वीज येत होती ती उतरलेल्या बॅटरीतच साठू दिली. ती दहा मिनिटे एका तासाएवढी लांब वाटली. चौथ्या वेळी इंजिन दोनदा कण्हले आणि सुरू झाले.

काढताना क्रम उलटा. सर्वांत शेवटी लावलेला, इंजिनावरील काळा चिमटा प्रथम, मग चांगल्या बॅटरीवरील काळा, मग तिचाच तांबडा, आणि शेवटी दुसरा तांबडा. काढण्यापूर्वी नुकत्याच सुरू झालेल्या गाडीचा पंखा किंवा मागल्या काचेची तापणी चालू करावी, असे काही गाड्यांच्या पुस्तकात लिहिलेले असते. एकाएकी ताण सुटून दाब उसळू नये, हा उद्देश. हातातील चिमटे एकमेकांस टेकू देऊ नयेत.

उलटसुलट जोडणी झाली तर काय होते, ते माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी स्वतःच्या खर्चाने शिकून घेतले आहे. दिवसाउजेडी, दोन गाड्यांमध्ये उभे राहून गप्पा मारीत त्यांनी तांबडे काळ्यास आणि काळे तांबड्यास लावले. मोठी ठिणगी उडाली आणि दोन्ही गाड्या गप्प झाल्या. वीज भरणाऱ्या अल्टरनेटरमध्ये प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड असतात, ते जळाले; फ्यूज गेले; एका गाडीचा संगणकही गेला. मदतीस आलेल्या मेहुण्याच्या गाडीचीही दुरुस्ती त्यांनाच करून द्यावी लागली. येथे जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठी एक इशारा: पूर्वीच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत सांगाडा वजा टोकास नव्हे तर अधिक टोकास जोडलेला असे. अशी गाडी जपून ठेवणारे लोक बडोदा, इंदूर, हैदराबाद या शहरांत अद्याप आहेत. त्यांनी वरील क्रम डोळे मिटून वापरू नये.

नवीन गाड्यांची गोष्ट काहीशी निराळी. काहींत बॅटरी डिकीत किंवा आसनाखाली असते, आणि बॉनेटखाली चिमटा लावण्यासाठी निराळे टोक काढून दिलेले असते. सिग्नलपाशी आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत वजा टोकावर मापक यंत्र बसविलेले असते, म्हणून काळा चिमटा नेमून दिलेल्या जागीच लावावा. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही दिवे, कुलपे, संगणक यांसाठी 12 व्होल्टची लहान बॅटरी बहुधा असते व ती उतरली तर एवढी मोठी गाडी हलत नाही; परंतु अशा गाडीने दुसऱ्या गाडीस वीज देऊ नये असे बहुतेक कारखानदार सांगतात. गाडीबरोबर आलेले पुस्तक हा यातील अखेरचा शब्द. ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून न काढलेले असेच मी बहुतेक घरांत पाहिले आहे.

आपल्याकडील सर्वांत जुना उपाय म्हणजे धक्का. चार माणसे जमवावीत, किल्ली चालू करून, क्लच दाबून, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ढकलावी आणि तिने वेग घेतला की क्लच झटकन सोडावा. चाके इंजिनास फिरवितात आणि सेल्फचे काम होते. हा उपाय जुन्या गाड्यांत हुकमी होता. आता त्यास मर्यादा आल्या आहेत. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीस तो लागूच नाही. बॅटरी अगदीच मृत असेल तर पेट्रोलचा पंप व संगणक जागेच होत नाहीत. न जळलेले पेट्रोल धुराड्यातील शुद्धीकरण यंत्रात गेले तर ते महागडे यंत्र बिघडते. आणि उतारावर हा प्रयोग करणे तर जिवावरचे. इंजिन बंद असता ब्रेक दगडासारखा कठीण होतो आणि स्टिअरिंग जड. त्या रात्री घरासमोर चिखल व पुढे ओढ्याकडे जाणारा उतार होता. धक्क्याचे नाव काकांनी काढू दिले नाही.

हल्ली पुस्तकाएवढ्या आकाराची, लिथियमची, खिशातून नेता येण्याजोगी बॅटरी मिळते. तिला चिमटे असतात आणि दुसऱ्या गाडीची गरज पडत नाही. एकट्यादुकट्याने प्रवास करणाऱ्या भगिनींस ती उपयुक्त आहे. मात्र ती स्वतः दर दोन-तीन महिन्यांनी भरून ठेवावी लागते, आणि उन्हात तापणाऱ्या डिकीत ती ठेवून विसरू नये.

गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असे नव्हे. अल्टरनेटर हा भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी आहे, मेलेलीस जिवंत करण्यासाठी नाही. जागच्या जागी इंजिन चालू ठेवून फारसे साधत नाही. निदान अर्धा तास रस्त्यावर चालवावी, आणि शक्य तर त्याच दिवशी बॅटरीवाल्याकडे चार्जरवर लावावी. 45 अँपिअर-तासांची बॅटरी चार-साडेचार अँपिअरने भरावयास दहा-बारा तास लागतात. रिकामी बॅटरी तशीच पडू दिली तर पट्ट्यांवरील सल्फेटाचे खडे कठीण होतात व ते पुन्हा विरघळत नाहीत. मग कितीही वीज भरली तरी ती टिकत नाही.

उभी गाडी बॅटरी का खाते, असे मला अनेकांनी विचारले. गाडीतील घड्याळ, चोरघंटा, दूरवरून उघडणारे कुलूप ही मंडळी रात्रंदिवस थोडी थोडी वीज पीत असतात. पन्नास मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण चोवीस तासांत ते 1.2 अँपिअर-तास होतात, आणि पंचवीस दिवसांत 30. 45 च्या बॅटरीतून 30 गेले, त्यातही ती बॅटरी जुनी, म्हणजे हिशेब संपला. 2020 सालच्या मार्चअखेर टाळेबंदी झाली, गाड्या आठवडेच्या आठवडे दारात उभ्या राहिल्या आणि पुढे त्या काढावयास गेले तेव्हा घरोघरी हाच अनुभव आला. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास फिरवून आणावी. महिनाभर परगावी जावयाचे असेल तर वजा टोकाचा पट्टा काढून ठेवावा. टोकांवरील भुकटी गरम पाण्यात कालविलेल्या खाण्याच्या सोड्याने धुवावी, कोरडी करावी आणि वर व्हॅसलिन चोळावे. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाणी कमी झाल्यावर डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीचे वा नळाचे पाणी घालू नये, आणि आम्ल तर मुळीच नाही. उष्ण हवेत बॅटरीचे आयुष्य घटते. आपल्याकडे तीन ते पाच वर्षे चालली तर तिने आपले काम केले.

आजोबांस पहाटे चारच्या आत बेळगावच्या इस्पितळात पोहोचविले. प्राणवायू लावला. सकाळी मी भेटावयास गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते आणि गाडीचे काय झाले म्हणून चौकशी करीत होते. बाहेर, इस्पितळाच्या आवारात, ती गाडी पुन्हा बंद पडलेली होती. मुलाने बॅटरीवाल्यास बोलावून घेतले. त्याने मापक लावून पाहिले आणि बॅटरीवर ठोकलेली तारीख दाखविली. साडेपाच वर्षे होऊन गेली होती. नवी बॅटरी बसविली आणि जुनी त्यानेच परत घेतली. तसे करण्याचा त्या वेळी नियमही होता: आत शिसे असते, ते मातीत वा पाण्यात जाऊ नये म्हणून जुनी बॅटरी भंगारात न टाकता विक्रेत्याकडे द्यावी लागे, आणि तिच्याबद्दल नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही मिळते.

त्या बारीक वायरी आता त्यांच्या परसात कपडे वाळत घालावयास बांधल्या आहेत. डिकीत 25 चौरस मिलिमीटरची केबल आली असून, तिच्या पिशवीत जोडणीचा क्रम काकांनी आपल्या हाताने, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे.